नाव मोकळं आहे

माझ्या खात्यावर आजवर नऊ बारशी जमा आहेत. म्हणजे नऊ पोरांच्या कानात मी 'कुर्रर्र' केलं आहे आणि नऊ वेळा पाठीत गुद्दे खाल्ले आहेत. ही रीत ज्यांच्या घरात उरली नाही त्यांना सांगते : आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि नेमक्या त्याच वेळी मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. हलक्या हाताने घालायचे असतात. पण वहिनीच्या माहेरच्या मंडळींना वर्षभराचे हिशेब मिटवायला दुसरा मुहूर्त मिळत नसावा. 1999 च्या बारशानंतर मी दोन दिवस शेकत बसले होते.

पहिला 1986 चा अमोल. मग स्नेहल, प्रसाद, ओंकार, सायली, तन्मय, अथर्व, ईशान आणि शेवटचा 2009 चा आर्यन. सख्खे, चुलत, मावस धरून नऊ. ही यादी कुठल्याही शाळेतल्या बाईंना दाखवा, त्या शेजारी सालं लिहून देतील. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात ना, तसं. आणि गंमत म्हणजे यातलं प्रत्येक नाव त्या त्या आईबापांनी 'कुणाचंच नाही असं' म्हणून शोधून काढलं होतं. अमोल ठेवला त्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या चाळीतच आणखी दोन अमोल झाले. तिन्ही घरांत महिनाभर अबोला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं नाव भिंतीतून ऐकून चोरलं.

तर आता दहावं. ओंकारला, म्हणजे नऊपैकी चौथ्याला, मुलगी झाली. खरी आत्या त्याची बहीण सायली, पण ती न्यू जर्सीत. नाव ती व्हिडिओ कॉलवरून सांगणार, मात्र गुद्दे घालायला प्रत्यक्ष पाठ लागते, म्हणून बदली कामगार म्हणून मला बोलावणं आलं. नाव ठरवण्यात माझा शब्द नव्हताच. आत्याचा कधीच नसतो. टपाल वाटणाऱ्याला पत्र लिहायला कोणी सांगत नाही.

ओंकारने लॅपटॉपवर तक्ता केला होता. नाव, अर्थ, इंग्रजी स्पेलिंग, 'फॉरेनर्सना म्हणता येईल का' आणि शेवटचा रकाना 'ओळखीत कुणाचं आहे का'. सगळा जीव या शेवटच्या रकान्यात. तिथे एक जरी 'हो' आलं की अख्खी ओळ तांबडी. मी गेले तेव्हा तक्त्याला गोवर झाला होता.

"आत्या, तुला काही सुचतंय?"

"द्वारका."

"आत्या, सीरियसली."

त्यात गुरुजींनी घोळ घातला. मुलगी हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसरं अक्षर ण. जैनांचा णमोकार मंत्र सोडला तर ण वरून सुरू होणारा एक शब्द मला तरी आठवत नाही, मग मुलीचं नाव कुठून आणायचं? गुरुजी म्हणाले, "न घ्या." ते नको म्हणतायत की न अक्षर घ्या म्हणतायत, यावर पाच मिनिटं गेली. मग न वरून शोध सुरू झाला. मी नर्मदा म्हटलं. कुणी ऐकलं नाही. भाचेसून म्हणाली, "आत्या, आम्ही नायराचा विचार करतोय." चिपळूणच्या काकूंना कमी ऐकू येतं. त्या दचकून म्हणाल्या, "नायटा? एवढ्याशा पोरीला? मलम लावा गं काहीतरी." नायरा तिथेच बाद झाली. या घरावर काकूंचे अनेक उपकार आहेत, त्यात हा एक.

सरकारची मात्र काही घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण त्यात नाव घालायला वर्षभर फुकट मुभा, आणि विलंब शुल्क भरलं तर पंधरा वर्षांपर्यंत. पंधराव्या वर्षी अर्थात पोरगी आपलं नाव आपणच ठेवील आणि आईबापांना पण नवीन नावं ठेवील.

आता पुढची फॅशन कुठल्या नावाची, हे ओळखता येतं का? माझं म्हणणं, येतं. आमच्याच घरातल्या बायका ओळीने उभ्या करते. पणजी गोदावरी, आजी द्वारका, आई कुसुम, मी सुनीता, भाची सायली. पहिल्या दोघी नदी आणि तीर्थक्षेत्र. मग नद्या आटल्या आणि फुलं आली : कुसुम, सुमन, नलिनी, मालती. ती फुलं सुकली आणि सद्गुण आले : सुनीता, विनीता, नम्रता, सुशीला. सुनीता म्हणजे चांगल्या वळणाची. आमच्या वर्गात चांगल्या वळणाच्या तिघी होत्या आणि तिघींना एकाच दिवशी वर्गाबाहेर उभं केलं होतं. पुढे गुणांचाही कंटाळा आला आणि पुन्हा फुलं : सायली, जुई. आईच्या वेळची फुलं संस्कृतात होती, ही मराठीत, एवढाच फरक.

पुरुषांची वाट वेगळी. आधी सरळ देव : विष्णू, महादेव, गजानन, पांडुरंग. मग आकाशातली मंडळी, तीही कर लावून : प्रभाकर, दिनकर, सुधाकर. त्यात आडनाव वेंगुर्लेकर असलं की नाव घेताना आगगाडी रुळावरून गेल्यासारखं वाटायचं. मग ईश आले : सुरेश, रमेश, महेश, शैलेश. आणि आता अंश. शिवांश, वेदांश, दिव्यांश, रेयांश. आमच्या आजोबांच्या काळात पाळण्यात अख्खा शंकर असायचा, आता अंश असतो. पोरगं अपूर्णांकात आलं. रेयांश हा नेमका कशाचा अंश, हे मी तिघांना विचारलं. एकाने विष्णूचा सांगितलं, दुसऱ्याने सूर्याचा, तिसऱ्याने 'गूगलवर पॉझिटिव्ह आहे' असं सांगितलं. हल्ली कुठल्याही नावाचा अर्थ विचारा, एक तर ते सूर्याचं पहिलं किरण असतं, नाही तर पार्वतीचं एक नाव. पार्वतीला बिचारीला माहीतही नसेल.

जुन्या लोकांना देवाचं नाव ठेवण्यात रोकडा फायदा दिसत होता. अजामिळाची गोष्ट भागवतात आहे. जन्मभर नको ते उद्योग केले, मरताना धाकट्या पोराला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि तेवढ्या पुण्यावर सुटला. तेव्हापासून शहाण्या माणसांनी हिशेब केला : 'नारायणा, पाणी आण', 'नारायणा, दार लाव', 'नारायणा, कान उपटीन', सगळं नामस्मरणात जमा. आज आमच्या शेजारची सून दिवसातून शंभरदा 'रेयांश, खाली उतर' म्हणून ओरडते. खात्यावर छदाम नाही.

आणि दुसरं एक टोक होतं. धोंडू, दगडू, केरू, भिकू. आधीची मुलं दगावली असली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावरून सरकून जावी. नाव लपण्यासाठी होतं. आताचं नाव उठून दिसण्यासाठी असतं. उठून दिसायचं म्हणून सगळे एकाच वेळी उठतात, म्हणून कुणीच दिसत नाही.

सायलीने अमेरिकेहून मला एक ज्ञान दिलं. तिथलं सोशल सिक्युरिटीचं सरकारी खातं दरवर्षी नावांची यादी काढतं, थेट 1880 पासूनची. कुठल्या वर्षी किती पोरींचं नाव ऑलिव्हिया ठेवलं, आकड्यासकट. त्यावर स्टॅन्ली लिबर्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 2000 साली 'अ मॅटर ऑफ टेस्ट' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की नावांची फॅशन तिच्या स्वतःच्या चालीने चालते. एक आवाज आवडला की त्याचे भाऊबंद येतात, आणि नट-नट्या पुष्कळदा आधीच चढावर निघालेल्या गाडीत बसतात.

मला हे एकदम पटलं. आठवून बघा : सत्तरच्या दशकात अख्खा देश अमिताभसाठी वेडा होता. तुमच्या वर्गात किती अमिताभ होते? आमच्याकडे एकही नव्हता. अमित मात्र बाकाबाकावर. शेपूट काढून घेतलं, नाव वापरलं. किंवा सचिन घ्या. 1989 मध्ये तो कराचीला कसोटी खेळायला उतरला तेव्हा आमच्या चाळीतले दोन सचिन आधीच दहावी नापास झालेले होते. खुद्द त्याचं नाव वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. म्हणजे आपण ज्याला मूळ समजतो तोही कुणाची तरी नक्कलच. ('कहो ना प्यार है' नंतर अंगणवाड्या हृतिकांनी भरल्या हे मी नाकारत नाही. प्रत्येक शास्त्राला एखादा हृतिक असतोच.)

आपल्याकडे तशी यादी कुणी हातात देत नाही. म्हणून मी माझी शोधली. स्टेशनच्या रस्त्यावर एक केकचं दुकान आहे. मालक मूळचा कुडाळचा, हातात कायम आयसिंगचा कोन. गेली वीस वर्षं पंचक्रोशीतल्या पोरांची नावं तो क्रीमने लिहितोय. जनगणनेवाले दहा वर्षांनी येतात, हा रोज बसतो. त्याच्याशी बोलताना मी स्टुलावर बसले होते आणि तो एका गुलाबी केकवर 'हृद्वी' लिहीत होता. हृ काढायला त्याने श्वास रोखला. खालचा ऋकार केकच्या कडेवरून घरंगळला, तो त्याने बोटाने पुसून चाटला आणि इंग्रजीत लिहून टाकलं.

"ताई," तो म्हणाला, "पूर्वी अर्ध्या किलोत ज्ञानेश्वर मावायचा नाही. आता इरा लिहिली की उरलेल्या जागेत दोन फुलं काढावी लागतात. नाव बारीक झालं, क्रीम वाढलं."

हे खरं आहे. पुरुषोत्तम, चंद्रशेखर, विश्वनाथ यांचे दिवस गेले. मग प्रकाश, अमोल. मग आरव. मग इरा, रिया, ओवी. याच चालीने गेलं तर पुढच्या पिढीला एकेक अक्षर येईल आणि हजेरी घेताना बाराखडी म्हटल्यासारखं वाटेल.

पण त्याचा खरा सिद्धांत पुढे होता. "ज्याचं स्पेलिंग मला विचारावं लागतं ते नाव नवीन. दोन वर्षांनी विचारायला लागत नाही, तेव्हा ते जोरात. आणि ज्या नावाचा केक फक्त पन्नाशीच्या वाढदिवसाला येतो ते मेलं."

"सुनीता?"

त्याने माझ्याकडे बघितलं, कोन खाली ठेवला आणि म्हणाला, "तुम्हाला डिस्काउंट देतो."

माझा नियम याच्यापुढचा. पुढे काय येणार हे बघू नका, लोक कशापासून पळतायत ते बघा. आईच्या मैत्रिणीचं नाव कुणालाच नको असतं, कारण त्या नावाची बाई आपल्याला गणितात नापास करून गेलेली असते. आजीचं नाव हसू आणतं. पण पणजीला कुणी बघितलेलं नसतं. तिने कुणाला ओरडलेलं नसतं, तिच्या साडीला घामाचा आणि फोडणीचा वास येत नसतो, ती नुसती फोटोतली नथ असते. म्हणून पणजीचं नाव 'क्लासी'. तारा, मीरा, रमा परत आल्याच आहेत. सुनीता, वंदना, संगीता यांनी आणखी चाळीस वर्षं दम धरावा. आम्ही मेल्याशिवाय आमचं काही सुंदर होणार नाही.

या हिशेबाने मी नद्यांवर पैसे लावले आहेत. यमुना, गोदा, कृष्णा, तापी. या नावांवर अन्यायही झालेला आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची आपली चाल. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे त्याही माहेरच्या यमुना. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. तीन नद्या तीन बोहल्यांवर वळवल्या. पाटबंधारे खात्याने पुढे जे केलं ते भटजींनी आधीच करून ठेवलं होतं. टिळकांचं तरी कुठे राहिलं? पाळण्यातलं नाव केशव, घरातली हाक बाळ, आणि इतिहासात बाळच गेलं. म्हणून मी ओंकारला म्हटलं, तक्ता करू नकोस. तू काहीही ठेव, घरात तिला चिऊच म्हणणार आहेत.

माझ्याही ताटात सासूबाईंनी 'शर्वरी' लिहवलं होतं. रेशनकार्डावरच्या कारकुनाला ते लागलं नाही आणि मी पुन्हा सुनीता झाले. त्या कारकुनाचं मी कधी वाईट चिंतलं नाही.

वेगळ्या नावाच्या या सगळ्या खटाटोपात मला सातारा आठवतो. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये त्या जिल्ह्यात 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. त्यांची आधीची नावं नकुशी, नकुसा अशी होती. मुलगा हवा होता, हिच्यावर थांबावं, असं नावातच लिहिलेलं. त्या मुलींपैकी काहींनी ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली. अगदी सगळ्यांची असतात तशी नावं. वर्गात चार वैशाली असताना आपण पाचवी असणं हे केवढं सुख आहे, हे ज्याच्याकडे तक्ता आहे त्याला कळायचं नाही. बाई हाक मारतात, पाच माना वळतात, त्यात आपली एक.

बरं, नद्यांच्याही पुढचं भाकीत सांगते, हे अजून मी केकवाल्यालाही सांगितलेलं नाही. ळ परत येणार. मंगळा, कमळा, बकुळा, गोपाळ, निळकंठ. सध्या ळ ला नावातून हद्दपार केलं आहे. हिंदीवाल्यांना म्हणता येत नाही, न्यू जर्सीच्या डॉक्टरला येत नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याचा ल होतो. तक्त्यातल्या चौथ्या रकान्यात ळ पहिल्याच फेरीत गारद. पण म्हणूनच. ज्या दिवशी सगळ्या जगाला म्हणता येईल अशी नावं सगळ्या जगाची होतील, त्या दिवशी पुण्यातली एखादी मानी आई उठेल आणि म्हणेल, आम्हाला असं नाव हवंय जे फक्त आम्हालाच म्हणता येतं. तिच्यानंतर सहा महिन्यांत कोथरूडात ळ मिळणार नाही. मी हे लिहून ठेवते आहे.

बारसं झालं. घुगऱ्या मी केल्या, केक ओंकारने सांगितला होता. सायली स्क्रीनवर होती, तिच्याकडे पहाटेचे अडीच वाजलेले. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, लॅपटॉप पाळण्याकडे वळवला. सायलीने नाव सांगितलं, नेमका आवाज अडकला, म्हणून मी वाकून पुन्हा सांगितलं. निर्वी. तक्त्यातली एकमेव हिरवी ओळ. अर्थ आनंद, म्हणे. मागून गुद्दे पडले. भाचेसुनेच्या माहेरची मंडळी जिमला जाणारी निघाली.

एवढ्यात केक आणायचा राहिल्याचं लक्षात आलं. तरुण मंडळी फोटोत अडकलेली, म्हणून पाठ चोळत मीच गेले. दुकानात गर्दी होती. मी काउंटरवरून ओरडले, "निर्वीचा केक झाला का?"

मालकाने स्पेलिंग विचारलं नाही. फ्रिजचं दार उघडून आत बघत म्हणाला, "निर्वी कुठली, सकाळची की दुपारची?"

मी दुपारचा घेतला आणि घरी काही बोलले नाही. केक चांगला होता.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी : मंगळा, कमळा आणि बकुळा ही तिन्ही नावं आजच्या तारखेला मोकळी आहेत. लवकर करा. आत्या हवी असेल तर मी येईन, फक्त गुद्द्यांचं आधी बोलून घेऊ.